ज्येष्ठांसाठी संगणकाधारित बोधात्मक प्रशिक्षण

संगणकाधारित बोधात्मक प्रशिक्षण म्हणजे स्मृती, अवधान, तर्क आणि माहिती-प्रक्रियेचा वेग यांसारख्या बोधात्मक क्षमतांचा संगणक, टॅब्लेट किंवा स्मार्टफोनवरील ठरावीक कृतींद्वारे केलेला पद्धतशीर सराव होय. उतारवयात या क्षमतांमध्ये होणारी घट लांबविणे किंवा मंदावणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. लोकभाषेत यास 'मेंदूचा व्यायाम' असे म्हटले जाते. संगणक आणि इंटरनेट हाताळण्यास शिकणे व समाजमाध्यमांतून इतरांच्या संपर्कात राहणे यांचाही ज्येष्ठांच्या बोधात्मक आरोग्यावर काही परिणाम होतो का, हा याच्याशी निकटचा संबंध असलेला अभ्यासविषय आहे.

या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या चाचण्या अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन आणि फिनलंड या देशांत झाल्या आहेत. ज्या कृतीचा सराव केला जातो तिच्यात ज्येष्ठ व्यक्तींची प्रगती होते, याविषयी संशोधकांमध्ये फारसा मतभेद नाही. ही प्रगती दैनंदिन जीवनात उतरते का आणि स्मृतिभ्रंशाचा धोका तिच्यामुळे कमी होतो का, हे वादाचे मुद्दे आहेत.

पार्श्वभूमी

वय वाढू लागल्यावर सर्व बोधात्मक क्षमता सारख्याच प्रमाणात घटत नाहीत. शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान उतारवयातही बऱ्याच अंशी टिकून राहते. माहिती-प्रक्रियेचा वेग, कार्यरत स्मृती आणि एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता मात्र तुलनेने लवकर मंदावते. ही घट सामान्य वार्धक्याचा भाग आहे. स्मृतिभ्रंश ही त्याहून वेगळी, मेंदूच्या आजारामुळे उद्भवणारी अवस्था असून तिच्यात व्यक्तीचे दैनंदिन व्यवहार बाधित होतात. अल्झायमरचा आजार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत अधिक आढळणारे कारण आहे.

प्रशिक्षणाच्या कल्पनेस दोन सिद्धान्तांचा आधार आहे. पहिला मेंदूच्या लवचीकतेचा. अनुभव आणि सराव यांमुळे चेतापेशींमधील जोडण्या प्रौढ वयातही बदलू शकतात, असे तो सांगतो. दुसरा बोधात्मक राखीव क्षमतेचा असून त्याची मांडणी प्रामुख्याने अमेरिकन चेतामानसशास्त्रज्ञ याकोव्ह स्टर्न यांनी केली. मेंदूत सारख्याच प्रमाणात बिघाड झालेल्या दोन व्यक्तींपैकी एकीत लक्षणे लवकर दिसतात, तर दुसरीत उशिरा. शिक्षण, व्यवसाय आणि बौद्धिक सवयी यांतून जमलेल्या राखीव क्षमतेमुळे हा फरक पडतो, असे स्टर्न यांचे प्रतिपादन आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

संगणकाधारित प्रशिक्षणातील कृती लहान असतात आणि त्या पुनःपुन्हा केल्या जातात. प्रशिक्षणार्थीच्या कामगिरीनुसार काठिण्यपातळी आपोआप बदलत राहते. उत्तरे बरोबर येत असतील तर कृती अवघड होते आणि चुका वाढल्यास ती सोपी होते. त्यामुळे व्यक्तीला सतत आपल्या क्षमतेच्या मर्यादेजवळ काम करावे लागते. शब्दकोडी, पत्ते किंवा वाचन यांसारख्या नेहमीच्या छंदांपासून हे प्रशिक्षण याच वैशिष्ट्यामुळे वेगळे ठरते.

सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत माहिती-प्रक्रियेच्या वेगाच्या प्रशिक्षणाची आहे. अमेरिकन संशोधक कार्लीन बॉल आणि डॅनियल रोएन्कर यांनी ती विकसित केली. या कृतीत पडद्याच्या मध्यभागी मोटार किंवा ट्रक यांपैकी एक चित्र क्षणभर झळकते. त्याच वेळी पडद्याच्या कडेला दुसरे एक चित्र उमटते. मध्यभागी कोणते वाहन होते आणि कडेचे चित्र नेमके कोठे होते, ही दोन्ही उत्तरे द्यावी लागतात. प्रगती होत जाते तसतसा चित्र दिसण्याचा अवधी कमी केला जातो आणि लक्ष विचलित करणाऱ्या आकृत्या भोवती मांडल्या जातात. वाहन चालविताना समोर पाहत असतानाच बाजूने येणारी व्यक्ती टिपण्याची क्षमता या कृतीतून घडावी, अशी अपेक्षा असते.

ॲक्टिव्ह चाचणी

'ॲक्टिव्ह' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी यादृच्छिक नियंत्रित चाचणी या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अर्थसाहाय्याने ती राबविण्यात आली. इ.स. १९९८ ते १९९९ या काळात सहा केंद्रांवर ६५ ते ९४ वयोगटातील २,८३२ स्वावलंबी व्यक्तींची निवड करण्यात आली. सहभागी व्यक्तींपैकी सुमारे एक चतुर्थांश आफ्रिकी-अमेरिकन होत्या.

सहभागी व्यक्ती चार गटांत विभागण्यात आल्या. एका गटाला स्मृतीचे, दुसऱ्याला तर्काचे आणि तिसऱ्याला माहिती-प्रक्रियेच्या वेगाचे प्रशिक्षण मिळाले. चौथ्या गटाला कोणतेही प्रशिक्षण देण्यात आले नाही. संगणकाचा वापर केवळ वेगाच्या प्रशिक्षणात होता. पाच ते सहा आठवड्यांत दहा सत्रे झाली आणि प्रत्येक सत्र ६० ते ७५ मिनिटांचे होते. काही व्यक्तींना सुमारे एक आणि तीन वर्षांनंतर उजळणीची सत्रेही देण्यात आली.

पहिले निष्कर्ष इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण संपताच वेगाच्या गटातील ८७ टक्के, तर्काच्या गटातील ७४ टक्के आणि स्मृतीच्या गटातील २६ टक्के व्यक्तींच्या संबंधित क्षमतेत विश्वसनीय सुधारणा आढळली. तर्काच्या प्रशिक्षणाने स्मृती सुधारली नाही किंवा स्मृतीच्या प्रशिक्षणाने वेग वाढला नाही. इ.स. २०१४ मध्ये दहा वर्षांनंतरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार तर्क आणि वेग यांवरील परिणाम टिकून होता, स्मृतीवरील परिणाम मात्र उरला नव्हता. प्रशिक्षण घेतलेल्या तिन्ही गटांतील व्यक्तींनी दैनंदिन कामांत तुलनेने कमी अडचणी येत असल्याचे सांगितले.

इ.स. २०१७ मधील विश्लेषणात वेगाचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात दहा वर्षांतील स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी आढळला. इतर दोन गटांत असा फरक दिसला नाही. हे निदान वैद्यकीय तपासणीतून न होता चाचण्यांतील गुण आणि सहभागी व कुटुंबीयांनी दिलेली माहिती यांवरून ठरविण्यात आले होते, या मुद्द्यावर त्यावर टीका झाली. इ.स. २०२६ मध्ये वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यासाठी मेडिकेअर या शासकीय आरोग्य विमा योजनेच्या नोंदी वापरण्यात आल्या. वेगाच्या प्रशिक्षणाबरोबर उजळणीची सत्रेही घेतलेल्या व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी होता. उजळणी न घेतलेल्यांत असा लाभ आढळला नाही.

अध्ययन संक्रमणाचा प्रश्न

एका गोष्टीच्या सरावाचा दुसऱ्या गोष्टीला उपयोग होणे यास शिक्षणशास्त्रात अध्ययन संक्रमण म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी इ.स. १९०१ मध्येच असे दाखवून दिले होते की, दोन कृतींमध्ये समान घटक असतील तितकेच संक्रमण होते. बोधात्मक प्रशिक्षणावरील वादाचे मूळ याच मुद्द्यात आहे. पडद्यावरील आकडे लक्षात ठेवण्याचा सराव केल्यावर तशाच दुसऱ्या चाचणीत गुण वाढले तर ते निकट संक्रमण होय. त्याच सरावामुळे औषधाच्या वेळा लक्षात राहू लागल्या तर ते दूर संक्रमण ठरते. ज्येष्ठ व्यक्तीला गरज असते ती दूर संक्रमणाची.

ब्रिटनमध्ये ॲड्रियन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीबीसीच्या साहाय्याने घेतलेल्या ऑनलाइन प्रयोगाचे निष्कर्ष इ.स. २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १८ ते ६० वयोगटातील ११,४३० व्यक्तींनी सहा आठवडे सराव केला. सराव केलेल्या कृतींत त्यांची प्रगती झाली, परंतु सराव न केलेल्या, अगदी जवळच्या कृतींतही संक्रमणाचा पुरावा मिळाला नाही. हा प्रयोग ज्येष्ठांवर झालेला नसल्यामुळे त्याचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

इ.स. २०१४ मध्ये ॲमित लॅम्पिट, हॅरी हॅलॉक आणि मायकेल व्हॅलेन्झुएला यांनी निरोगी ज्येष्ठांवरील ५२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात ४,८८५ व्यक्तींचा समावेश होता. एकूण परिणाम लहान, परंतु संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण आढळला. मार्गदर्शकाच्या उपस्थितीत गटाने घेतलेले प्रशिक्षण उपयोगी ठरले, तर घरी एकट्याने केलेल्या सरावाचा परिणाम दिसला नाही. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा केलेला सरावही परिणामकारक ठरला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे दीर्घायुष्य केंद्र आणि बर्लिन येथील माक्स प्लांक मानवी विकास संस्था यांच्या पुढाकाराने सुमारे ७० शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढले. मेंदूच्या खेळांमुळे बोधात्मक घट टळते या दाव्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे त्याचे सार होते. डिसेंबरमध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी प्रतिनिवेदन प्रसिद्ध केले. सर्व उत्पादने एकाच मापाने मोजणे योग्य नाही आणि काही पद्धतींच्या बाजूने सबळ पुरावा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. इ.स. २०१६ मध्ये डॅनियल सायमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या विस्तृत आढाव्यानुसार सराव केलेल्या कृतींवरील परिणामाचा पुरावा भरपूर, जवळच्या कृतींवरील परिणामाचा त्याहून कमी आणि दैनंदिन व्यवहारांवरील परिणामाचा अत्यल्प आहे.

व्यावसायिक उत्पादने आणि कायदेशीर कारवाई

जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे चेताशास्त्रज्ञ र्‍यूता कावाशिमा यांच्या कार्यावर आधारलेला निन्टेन्डो कंपनीचा खेळ इ.स. २००५ मध्ये बाजारात आला. तो जगभर लोकप्रिय झाल्यावर अशा उत्पादनांची मोठी बाजारपेठ तयार झाली. लुमॉसिटी ही अमेरिकन सेवा इ.स. २००७ मध्ये सुरू झाली. चेताशास्त्रज्ञ मायकेल मर्झेनिक यांनी सहसंस्थापन केलेल्या पॉझिट सायन्स या कंपनीच्या ब्रेनएचक्यू या उत्पादनात ॲक्टिव्ह चाचणीतील वेगाच्या कृतीची सुधारित आवृत्ती समाविष्ट आहे.

लुमॉसिटीची निर्माती कंपनी लुमॉस लॅब्स हिच्याविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या जाहिरातींची तक्रार दाखल केली. आपल्या खेळांमुळे काम व शिक्षण यांतील कामगिरी सुधारते आणि वयोमानानुसार होणारी बोधात्मक घट लांबते, असे कंपनी सांगत होती. त्यास पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे आयोगाचे म्हणणे होते. स्मृती, स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर या शब्दांचा इंटरनेटवर शोध घेणाऱ्यांपर्यंत या जाहिराती पोहोचाव्यात, अशी व्यवस्था कंपनीने केल्याचेही तक्रारीत नमूद होते. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून तडजोड केली. ५ कोटी डॉलरचा मूळ आदेश कंपनीची आर्थिक स्थिती पाहून स्थगित ठेवण्यात आला. वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण ग्राहकांना सहज रद्द करता यावे, अशी अटही कंपनीवर घालण्यात आली.

नवी कौशल्ये आणि संगणक-साक्षरता

ठरावीक खेळांऐवजी एखादे नवे व अवघड कौशल्य शिकणे अधिक उपयुक्त ठरते का, याचाही अभ्यास झाला आहे. टेक्सासमधील मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयोगटातील २२१ व्यक्तींवर केलेला प्रयोग इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तींनी तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तासांहून अधिक वेळ दिला. डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम शिकलेल्या गटांत प्रसंगस्मृती सुधारली. केवळ गप्पा, सहली आणि खेळ यांसाठी एकत्र जमलेल्या गटात तशी सुधारणा आढळली नाही. याच संशोधकांच्या पुढील अभ्यासात टॅब्लेट वापरण्याचे दहा आठवड्यांचे शिक्षण घेतलेल्या ज्येष्ठांमध्येही प्रसंगस्मृती आणि माहिती-प्रक्रियेचा वेग यांत सुधारणा दिसली.

इ.स. २०२५ मध्ये जॅरेड बेंज आणि मायकेल स्कलिन यांनी ५७ अभ्यासांतील चार लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण केले. डिजिटल साधने वापरणाऱ्या ज्येष्ठांमध्ये बोधात्मक बिघाडाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी होता. तंत्रज्ञानामुळे मेंदू आळशी होतो, या मताला हा निष्कर्ष छेद देतो. तथापि हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच साधने वापरत राहतात, ही शक्यता त्यांतून पूर्णपणे वगळता येत नाही.

समाजमाध्यमांचा वापर

ज्येष्ठांना संगणक शिकविण्याचे आणि त्यांना परस्परांशी जोडण्याचे संघटित प्रयत्न समाजमाध्यमांच्या आधीपासूनचे आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथे इ.स. १९८६ मध्ये मेरी फर्लाँग यांच्या प्रकल्पातून उभी राहिलेली सीनियरनेट ही संस्था त्यांपैकी एक होय.

ॲरिझोना विद्यापीठात जेनेल वोल्टमन यांनी ६८ ते ९१ वयोगटातील ४१ व्यक्तींवर एक प्रयोग केला. एका गटाला फेसबुक वापरण्यास शिकविण्यात आले. दुसऱ्याला कोणाशीही संवाद नसलेली ऑनलाइन रोजनिशी देण्यात आली, तर तिसरा गट प्रतीक्षायादीवर होता. आठ आठवड्यांनंतर फेसबुक वापरणाऱ्यांची कार्यरत स्मृतीतील माहिती अद्ययावत करण्याची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी वाढली होती. सतत बदलणाऱ्या नोंदी वाचताना जुनी माहिती बाजूला सारून नवी लक्षात ठेवावी लागते, त्यातून हा परिणाम झाला असावा. गट फार लहान असल्यामुळे या निष्कर्षाला मर्यादा आहेत.

एकाकीपणाच्या संदर्भात दोन चाचण्या उल्लेखनीय आहेत. 'प्रिझम' या चाचणीत एकट्या राहणाऱ्या ३०० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना ईमेल, छायाचित्रे, खेळ व स्थानिक माहिती असलेली सोपी संगणक प्रणाली देण्यात आली. इतरांना तशीच माहिती छापील धारिकेत मिळाली. सहा महिन्यांनंतर प्रणाली वापरणाऱ्यांतील एकाकीपणा अधिक कमी झाला होता. 'आय-कनेक्ट' चाचणीत ७५ वर्षांवरील एकाकी व्यक्तींशी प्रशिक्षित संभाषकांनी आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी अर्धा तास व्हिडिओ संभाषण केले. सहा महिन्यांनंतर त्यांच्या बोधात्मक गुणांत नियंत्रित गटाच्या तुलनेत वाढ आढळली. समाजमाध्यमावर इतरांच्या नोंदी नुसत्या पाहत राहणे आणि प्रत्यक्ष संवाद साधणे यांत फरक असल्यामुळे, या दोन्हींचा परिणाम एकसारखा मानला जात नाही.

जोखमी

ऑनलाइन वावरात ज्येष्ठांना अपप्रचार आणि आर्थिक फसवणूक यांचा धोका असतो. अमेरिकेतील इ.स. २०१६ च्या निवडणुकीच्या काळातील फेसबुक वापराच्या अभ्यासात ६५ वर्षांवरील व्यक्तींनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट बनावट बातम्या पुढे पाठविल्याचे आढळले. हे केवळ बोधात्मक घटीमुळे होत नसून डिजिटल साक्षरतेचा अभावही त्यामागे असतो, असे संशोधक मानतात. माहिती पडताळण्याचे शिक्षण दिल्यावर ज्येष्ठांची खरी-खोटी बातमी ओळखण्याची क्षमता सुधारल्याचेही दिसून आले आहे. एफबीआयच्या अहवालानुसार इ.स. २०२३ मध्ये अमेरिकेतील ६० वर्षांवरील व्यक्तींनी इंटरनेट गुन्ह्यांत ३.४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गमावली.

बहुविध उपाय आणि मार्गदर्शक तत्त्वे

फिनलंडमधील 'फिंगर' चाचणीत मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली ६० ते ७७ वयोगटातील १,२६० व्यक्तींचा समावेश होता. दोन वर्षे आहार, व्यायाम, संगणकाधारित प्रशिक्षण आणि रक्तदाबासारख्या घटकांचे नियंत्रण यांची जोड देण्यात आली. इ.स. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाच्या एकूण बोधात्मक गुणांतील सुधारणा नियंत्रित गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. त्याच धर्तीवर अमेरिकेत २,१११ व्यक्तींवर झालेल्या 'पॉइंटर' चाचणीचे निष्कर्ष इ.स. २०२५ मध्ये आले. आखीव कार्यक्रम आणि स्वतःच्या सोयीने पाळलेला कार्यक्रम या दोन्हींत सुधारणा झाली, मात्र आखीव कार्यक्रमातील सुधारणा अधिक होती. अशा चाचण्यांत प्रशिक्षणाचा स्वतंत्र वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या इ.स. २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरोगी तसेच सौम्य बोधात्मक बिघाड असलेल्या ज्येष्ठांना बोधात्मक प्रशिक्षण देता येईल, अशी सशर्त शिफारस आहे. पुराव्याचा दर्जा मात्र अत्यल्प ते अल्प असल्याचे तेथेच नमूद केले आहे. लॅन्सेट आयोगाच्या इ.स. २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशास कारण ठरणारे आणि बदलता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत. त्यांत अल्पशिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, शारीरिक निष्क्रियता आणि सामाजिक एकाकीपणा यांचा समावेश आहे. त्यामुळे संगणकावरील सरावापायी चालण्याचा व्यायाम, भेटीगाठी किंवा वैद्यकीय तपासणी मागे पडू नये, असे तज्ज्ञांचे मत आहे.

भारतातील स्थिती

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या भारतीय दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाशी संलग्न संशोधनानुसार, भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आहे. अर्ध्याहून अधिक भारतीय ज्येष्ठांना औपचारिक शिक्षण मिळालेले नाही. त्यामुळे इंग्रजी मजकूर आणि अक्षरओळख गृहीत धरणारी पाश्चात्त्य उत्पादने त्यांतील बहुसंख्यांच्या उपयोगाची नाहीत. चाचण्यांतील सहभागी व्यक्ती प्रायः शिक्षित असल्यामुळे तेथील निष्कर्षही येथे थेट लागू करता येत नाहीत.

ग्रामीण कुटुंबांसाठी इ.स. २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात १४ ते ६० ही वयोमर्यादा होती, म्हणजेच ज्येष्ठ नागरिक त्यातून वगळले गेले. त्याच वर्षी गुगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकलेखन करण्याची सोय उपलब्ध केली. कळफलक अवघड वाटणाऱ्या किंवा हात थरथरणाऱ्या व्यक्तींना ती उपयोगी पडते. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे असून मार्गदर्शकासह गटाने शिकण्यासाठी अशी व्यवस्था अनुकूल ठरू शकते.

पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर धाक दाखविणाऱ्या तथाकथित 'डिजिटल अटके'च्या प्रकारांत अनेक ज्येष्ठांनी आयुष्यभराची बचत गमावली आहे. भारतीय कायद्यात अशा अटकेची कोणतीही तरतूद नाही. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर नोंदविता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' साहाय्यसेवा उपलब्ध आहे.